बाबांची शेती कोण करीत होते?

गोव्यातल्या पेडणे तालुक्यात वाढलेल्या आणि आता म्हापशाला राहणाऱ्या ६२ वर्षांच्या एका निवृत्त प्राथमिक शिक्षिकेचे पत्र आले आहे. त्यांच्या आईचे गेल्या कार्तिकात, वयाच्या ८४ व्या वर्षी निधन झाले. वडील गोवामुक्तीनंतर लगेच मुंबईला गिरणीत कामाला गेले आणि १९८२ च्या संपानंतर कायमचे गावी परतले. मधली वीस वर्षे ते चवथीला (गणेशचतुर्थीला) आणि शिगम्याला (होळीच्या सणाला) तेवढे घरी येत. सासू-सासरे, पाच मुले, बैलजोडी, एक म्हैस आणि कुळाची भातशेती या काळात आईनेच सांभाळली. वर्षश्राद्धाच्या दिवशी आईची छोटी स्मरणिका काढावी, असे तिन्ही भावांनी ठरवले असून लेखन या बहिणीकडे सोपवले आहे. आईचे कष्ट, तिचा त्याग आणि 'तिने कधीही तक्रार केली नाही' हे त्यात ठळकपणे यावे, अशी भावांची इच्छा आहे. थोरली बहीण, जिला घरात सगळे 'बाय' म्हणतात, तिचे म्हणणे वेगळे आहे. १९७० साली धाकटा भाऊ जन्मला तेव्हा तिसरी पास झालेल्या बायची शाळा सुटली, ती पुन्हा सुरू झालीच नाही. 'आईचे लिहायचे असेल तर माझेही लिही, नाहीतर त्यात माझे नावच घालू नकोस,' असे तिने सांगितले आहे. भाऊ म्हणतात, घरातले घरात राहू दे. 'आईची आठवण निर्मळ ठेवावी, की बायला न्याय द्यावा? आई आपल्या बोलीत बोलायची, पुस्तक मराठीत होणार. तिचे बोलणे तरी कसे लिहावे?' असे या वाचक भगिनी विचारतात.

सप्रेम नमस्कार, ताई.

तुमचे पत्र मी दोन दिवसांत तीनदा वाचले. तुम्ही ताजवा हातात घेतला आहे आणि त्याच्या एका पारड्यात आई, तर दुसऱ्यात बाय बसवली आहे. एक वर गेली की दुसरी खाली जाणार, असे तुम्ही धरून चालला आहात. मला या मांडणीबद्दलच शंका आहे. त्या मांडणीविषयी बोलण्याआधी तुमच्याच पत्रातली एक गोष्ट तुम्हाला दाखवायची आहे. पत्रात 'बाबांची शेती' हे शब्द तीन वेळा आले आहेत. त्याच पत्रात तुम्ही लिहिता की बाबा वीस वर्षे मुंबईला होते. मग ही शेती करीत कोण होते?

तुम्ही म्हणाल, अर्थातच आई. म्हणून तर आम्ही तिला कष्टाळू म्हणतो. पण शेतात कष्ट करणारी बाई आणि शेती करणारी बाई यांत अंतर आहे, आणि तुमच्या स्मरणिकेचे सगळे यश मला या अंतरात दिसते. रोहिणी लागल्या की कोणत्या कुणग्यात (भातखाचरात) तरवा (लावणीची रोपे) पेरायचा, उंचावरच्या मोरडीत कोणते बियाणे टाकायचे आणि सखल भागातल्या पाण्यात कोणते तग धरेल, लावणीला कोणाच्या घरच्या बाया किती दिवस बोलवायच्या आणि त्यांची फेड कोणाच्या शेतात जाऊन करायची, हे सारे कोणीतरी ठरवत होते. सरदीचे (पावसाळी पिकाचे) भात घरात आल्यावर खंडाचे किती, बियाण्याचे किती, खायचे किती आणि विकता येईल असे किती, हा हिशेब कोणीतरी डोक्यात मांडत होते. वायंगणाला (पावसाळ्यानंतरच्या भाताला) पाणी पुरेल की नाही, नाही पुरले तर त्या जमिनीत अळसांदे (चवळी) आणि कुळीथ घालावेत की मिरची लावावी, बैल म्हातारा झाला तर या वर्षी बदलावा की आणखी एक पावसाळा ओढावा, हे प्रश्न मुंबईला पत्र पाठवून उत्तराची वाट पाहत बसावे अशा जातीचे नव्हते. पाऊस थांबत नाही. या प्रश्नांची उत्तरे तुमच्या आईने दिली. तुमची आई शेतकरी होती, आणि त्या वीस वर्षांत तुमच्या घराची कर्ती होती.

कागदोपत्री हे कुठेही दिसणार नाही. तुम्हीच लिहिले आहे की तिच्या मृत्यूच्या दाखल्यावर व्यवसायाच्या रकान्यात 'गृहिणी' आहे आणि जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर फक्त वडिलांचे नाव आहे. १९६४ च्या कूळ कायद्याला १९७६ साली, शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री असताना, जी पाचवी दुरुस्ती झाली, तिने कसणाऱ्या कुळाला जमिनीचा मालक मानले. तुमच्या घरातही या दुरुस्तीनंतर जमीन आली. तत्त्व होते 'कसेल त्याची जमीन', आणि त्या वर्षी तुमचे कुणगे प्रत्यक्ष कोणी कसले होते, ते तुम्हाला ठाऊक आहे. नाव मात्र जे आधी कूळ म्हणून होते तेच पुढे मालक म्हणून लागले. आपल्या गोव्यातील कौटुंबिक कायद्याचे मूळ १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेत आहे आणि लग्नापूर्वी वेगळा करार केलेला नसेल तर त्यानुसार पती-पत्नी सामान्यतः एकत्र मालमत्तेचे निम्म्या-निम्म्याचे धनी असतात, हे आपल्याकडे शिकलेल्या माणसांनाही पुष्कळदा आठवत नाही. हे मी वाटणीच्या दृष्टीने सांगत नाही. तो विषय असेल तर तो वकिलाकडे बसून स्वतंत्रपणे सोडवा आणि स्मरणिकेत त्याची सावलीही पडू देऊ नका; एकदा का भावांना वाटले की हे पुस्तक जमिनीसाठी लिहिले जात आहे, की तुमचे एकही वाक्य कोणी सरळ मनाने वाचणार नाही. मी सांगते ते एवढ्यासाठीच की 'बाबांची शेती' हे दोन शब्द लिहिताना तुमचा हात थोडा अडखळावा.

आता 'कष्टाळू' या शब्दाकडे येते. आपण हा शब्द प्रेमाने वापरतो, आणि प्रेमानेच त्यातून आईचे सगळे शहाणपण काढून टाकतो. कष्टाळू आपण बैलालाही म्हणतो. भात उकडण्याचे एकच काम घ्या. भिजवलेले भात मोठ्या भाणात चुलीवर चढवायचे, टरफल नेमके उकलेपर्यंतच शिजवायचे, मग सारवलेल्या खळ्यावर पसरून पायांनी फिरवत वाळवायचे. ऊन कमी लागले तर तांदळाला वास येतो, जास्त लागले तर कांडताना कणी होते. दाणा दाताखाली धरून तो पुरेसा वाळला की नाही हे सांगणारी बाई कष्ट तर करतेच, पण तिला एक विद्या अवगत असते. मिरचीचे बी पुढच्या वर्षासाठी कोणत्या झाडाचे राखायचे, अळसांद्यांना किडा लागू नये म्हणून राख किती चोळायची, हीसुद्धा तीच विद्या. हरमलच्या मिरचीला आज भौगोलिक मानांकन मिळाले आहे. ते बी इतकी वर्षे टिकले ते तुमच्या आईसारख्या बायांनी ते दरसाल निवडून, वाळवून, माळ्यावर जपून ठेवले म्हणून.

आईला एकदा अशी कर्ती म्हणून पाहिले की बायच्या शाळेची गोष्टही वेगळी दिसू लागते. आई केवळ त्यागाची मूर्ती असेल, तर १९७० ची ती घटना तिच्या चित्रावरचा डाग ठरते आणि डाग झाकावाच लागतो; भावांची धडपड त्यासाठीच आहे, आणि त्यांच्या मनात वाईट काही नाही. पण ती घरातले निर्णय घेणारी बाई असेल, तर तिने घेतलेले निर्णय चांगले असतील तसे महागही असतील, आणि त्यांची किंमत कोणी मोजली हे विचारणे हा तिचा अपमान ठरत नाही. त्या पावसाळ्याचा विचार करा. अंगावर पिणारे मूल, अंथरुणाला खिळलेली सासू, तरवा काढायला आलेला, नवरा मुंबईला. मूल कोणाजवळ ठेवून ती शेतात उतरणार होती? दहा वर्षांची बाय ही त्या घरात तिच्यापुढची एकच वाट असेल. तरीही एक प्रश्न उरतो आणि तो तुम्ही गाळू नये: लावणी संपली, मूल चालू लागले, त्यानंतर बाय शाळेत परत का गेली नाही? तिथे केवळ अडचण नव्हती, मुलीच्या शिक्षणाबद्दलची त्या काळची समजूतही होती, आणि तुमची आई त्या समजुतीबाहेर नव्हती. मुक्तीनंतर, पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या कारकिर्दीत गावोगावी प्राथमिक शाळा निघाल्या, तेव्हा कष्टकऱ्यांच्या घरच्या मुली प्रथमच मोठ्या संख्येने वर्गात बसू लागल्या होत्या. उंबरठ्याबाहेर ठेवलेले पाऊल पुन्हा आत घ्यावे लागले, म्हणून बायला ते अधिक लागले असेल.

आणि ताई, तुम्ही तेव्हा सात वर्षांच्या होता. तुमची शाळा चालू राहिली, तुम्ही शिक्षिका झालात, आयुष्यभर दुसऱ्यांच्या मुलींना 'शाळा सोडू नकोस' असे सांगितलेत. तुमच्या पत्रात ही गोष्ट एका ओळीत येऊन जाते, पण पत्राचा सगळा भार मला त्या ओळीवर जाणवला. बायला न्याय आईकडून मिळायचा राहिला असे तुम्ही म्हणता. कदाचित काही देणे तुमच्याकडेही आहे, आणि ते तुम्हाला माहीत आहे. हे मी दोष देण्यासाठी लिहीत नाही. सात वर्षांच्या मुलीने काय करायला हवे होते? पण लिहिताना तुम्ही आई आणि बाय यांच्या मधल्या पंच नाही, तुम्हीही त्या गोष्टीत आहात, हे मान्य केलेत तर तुमचा सूर आपोआप मऊ होईल.

'तिने कधी तक्रार केली नाही' हे वाक्य मात्र मी तुम्हाला लिहू देणार नाही. ते खरे आहे की नाही हे तपासल्याशिवाय तरी नाही. कोणाकडे केली नाही? मुलांकडे केली नसेल, मुंबईहून चार दिवस आलेल्या नवऱ्याकडेही नसेल. विहिरीवर, तरवा काढताना शेजारी वाकलेल्या बाईजवळ, पौषात मांडावर धालो (बायांचा गाण्या-नाचाचा खेळ) खेळताना रात्री उशिरा, तिने काय सांगितले हे तुम्हाला कुठे माहीत आहे? बायांची गाऱ्हाणी आपल्याकडे गाण्यांत आणि ओव्यांत शिरून बसलेली असतात. तिच्याबरोबर धालो खेळलेल्या, लावणीला उतरलेल्या दोघी-तिघी गावात अजून असतील. आधी त्यांच्याकडे जा. आणि 'माका भूक ना' असे म्हणून ती नेहमी शेवटी जेवायची, ही आठवण तुमच्या भावांना फार प्रिय आहे असे तुम्ही लिहिता. माझ्या आजीचेही हेच वाक्य होते. तिची भूक खरोखर कधी मेलेली होती आणि भांड्यात पेज उरली नव्हती म्हणून ती तसे कधी म्हणाली, हे आम्ही तिला एकदाही विचारले नाही. ती गेल्यावर आम्ही त्याचे कौतुक करू लागलो. तुमच्या घरात त्या वाक्याचे पुढे काय झाले, तेही पाहा. बायही शेवटी जेवायला शिकली का? तुम्ही शिकलात का? भाऊ शिकले का?

आता तुमच्यापुढच्या वाटा. भावांना हवी तशी गौरवपर स्मरणिका लिहून मोकळे होणे सर्वांत सोपे आहे, पण बायने त्यात आपले नाव नको म्हटल्यावर पाच मुलांच्या आईच्या पुस्तकात चारच मुले उरतील, आणि ते गावातल्या प्रत्येकाला दिसेल. 'थोरल्या मुलीने लहान वयातच आईला मोलाची साथ दिली' असे एक गोड वाक्य घालून निभावून नेण्याचा मोह तुम्हाला होईल. अशी वाक्ये शाळेच्या वार्षिक अहवालात आपण सर्वांनी लिहिली आहेत. हा मार्ग मला सर्वांत वाईट वाटतो, कारण त्याने बायचे दुःख लपते आणि वर तिनेच ते आनंदाने दिले असे ठरते. एक पुस्तक लोकांसाठी आणि दुसरे घरासाठी, असे दोन करणे व्यवहाराला धरून आहे, पण घरासाठीचे दुसरे पुस्तक बहुधा लिहिलेच जात नाही. आणि सगळे उघड लिहून टाकावे, भावांना काय वाटायचे ते वाटो, हा बाणा तुम्हाला पेलणारा नाही. तुमच्या पत्रात भावांविषयी इतकी माया आहे की तसे लिहून तुम्हाला झोप लागणार नाही.

माझा कौल असा आहे की बायविषयी तुम्ही लिहू नका; बायला सांगू द्या. स्मरणिकेत तिचे स्वतंत्र प्रकरण असावे, तिच्या तोंडच्या शब्दांत, तिच्या नावाने. तुम्ही फक्त ते उतरवून घ्या. त्यासाठी तिच्याकडे एकट्या जा, भावजयांच्या देखत हे बोलणे होणार नाही. 'तुझी शाळा सुटली तेव्हा तुला काय वाटले?' असे पहिल्यांदाच विचारू नका. माणूस अशा प्रश्नाला एक तर गप्प होतो किंवा पाठ झालेले उत्तर देतो. तिला शेतात न्या. मेरेवर (शेताच्या बांधावर) उभी राहिली की ती स्वतःहून सांगू लागेल, कोणत्या कुणग्यात पाणी कसे वळवत, बाळाला कुठे निजवत, आई इरले घेऊन कुठल्या बाजूने येत असे. मोबाईलवर ध्वनिमुद्रण करा, पण तिला आधी विचारून. घरी येऊन ते जसेच्या तसे कागदावर उतरवा आणि पुन्हा जाऊन तिला सगळे मोठ्याने वाचून दाखवा. जे ती गाळ म्हणेल ते गाळा, का म्हणून विचारू नका. मला वाटते, बरेचसे ती गाळणार नाही. आणि अनेक ठिकाणी ती आईची बाजू तुमच्या भावांपेक्षा अधिक समजून मांडेल, कारण त्या वयात आईच्या बरोबरीने राबलेली तीच एक आहे.

आणखी एक काम तुम्ही शिक्षिका म्हणून सहज करू शकाल. गावच्या शाळेचे जुने जनरल रजिस्टर मुख्याध्यापकांच्या परवानगीने पाहा. त्यात बायची नोंद असेल: दाखल झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख आणि सोडण्याचे कारण. आयुष्यभर तुम्ही स्वतः ते रकाने भरले आहेत. तिच्या नावापुढे त्या रकान्यात काय लिहिले आहे, किंवा तो कोरा आहे का, ते पाहून या. जे असेल ते तसेच, एका ओळीत, तिच्या प्रकरणाच्या आरंभी द्या आणि त्यावर स्वतःचे काही भाष्य करू नका.

आईविषयीच्या तुमच्या लेखनाची सुरुवात जन्म, लग्न आणि मुले अशी करू नका. एका दिवसापासून करा, किंवा एका वर्षापासून. रोहिणीपासून पुढच्या वैशाखापर्यंत ती महिन्यावार काय करीत असे ते लिहीत गेलात तर निम्मी स्मरणिका आपोआप उभी राहील: पावसाळ्याचे पुरुमेंत (बेगमी) भरताना मिठाची किती मडकी, सोलां (आमसुले) किती, सुकी मासळी कोणाकडून, चवथीच्या माटोळीला (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या आराशीला) रानातले काय काय आणि ते आणायला कोण, शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला मिरची आणि अळसांदे घेऊन कोलवाळला नदी ओलांडून जाताना पहाटे किती वाजता निघायचे, आणि मिळालेल्या पैशांतून पहिले काय घ्यायचे. भावंडांना 'आई कशी होती?' असे विचाराल तर सगळे एकच उत्तर देतील. 'म्हैस आटली त्या वर्षी आईने काय केले?' असे विचारा. तिचा एकच फोटो आहे, तोही ओळखपत्रावरचा, याची खंत तुम्ही कळवली आहे. मग तिच्या वस्तूंचे फोटो छापा: भाण, विळी, कोयता, पडवीतले ते व्हायन (जमिनीतले उखळ), ज्यावर आता लादी बसवली आहे. मोपाच्या सड्यावर २०२२ साली विमानतळ झाला, तिथे काजूच्या दिवसांत बाया बोंडू वेचायला जात असत. तुमची आईही जात असेल तर ती वाट कुठून जात होती हे सांगणारी माणसे आहेत तोवर एक साधा नकाशा काढून घ्या.

भाषेची चिंता मात्र फार करू नका. तुमचे निवेदन मराठीत राहू द्या. ती तुमची लिहिण्याची भाषा आहे आणि तुम्ही ती चांगली लिहिता. पण आईचे बोलणे जसे कानात आहे तसेच ठेवा. 'मला भूक नाही' असे छापलेत तर ते वाक्य तुमच्या आईचे राहणार नाही, कोणाही आईचे होईल. कुणगा, मेर, तरवा, वायंगण, व्हायन हे शब्द तसेच येऊ द्या आणि पुण्या-मुंबईला वाढलेल्या नातवंडांसाठी शेवटच्या पानावर त्यांचे अर्थ द्या. हा शब्दसंग्रह बायकडून तपासून घ्या.

भावांशी बोलताना त्यांना परवानगी मागू नका आणि आव्हानही देऊ नका. आधी महिन्यावार लिहिलेला भाग त्यांना वाचायला द्या. त्यात त्यांना त्यांची आई इतकी जिवंत भेटेल की 'कष्टमूर्ती' शब्दाचा आग्रह बहुधा ते स्वतःच सोडतील. धाकट्या भावाशी स्वतंत्रपणे आणि जपून बोला. आपल्या जन्मामुळे बहिणीची शाळा सुटली, हे पंचावन्नाव्या वर्षी छापील पानावर वाचायला लागणे सोपे नाही. विरोध तोच अधिक करीत असेल तर त्याचे कारण हे असू शकेल. त्यात त्याचा काहीच दोष नव्हता, हे त्याला बायने सांगितले तर फार बरे होईल, आणि ते पुस्तकाबाहेर, समोरासमोर व्हावे. एवढे करूनही भाऊ बायच्या प्रकरणाला नाहीच म्हणाले, तर आईच्या जीवनाचे निवेदन स्मरणिकेत छापू नका. तिची वस्तुचित्रे, तिचे शब्द, भात उकडण्याची कृती आणि पाचही मुलांची नावे, एवढेच सोळा पानांत द्या. ते अपुरे असेल, पण खोटे असणार नाही; आणि बायचे ध्वनिमुद्रण तुमच्याकडे, तिच्या मुलांकडे आणि एखाद्या भाच्याकडे, अशा तीन ठिकाणी जपून ठेवा.

वर्षश्राद्धाला आता चार महिने उरले आहेत आणि छापखाना किमान तीन आठवडे मागेल. घाईने बायकडे जाऊन एका दुपारी सगळे उरकू नका. तारीख चुकत असेल तर चुकू द्या. श्राद्ध तिथीला होईल, पुस्तक पौषात, धालोंच्या दिवसांत दिले तरी चालेल. या आठवड्यात फक्त बायला फोन करा आणि विचारा की लावणी कुठवर आली, आणि मी एक दिवस तुझ्याबरोबर शेतात यायला आले तर चालेल का.